प्रश्न वाचकांचे : झेला, माकुल आणि छपरावरची वीज

विद्यापीठांमध्ये यंत्रमानव, मेंदूसारखे संगणक आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स (विजेचे रूप बदलणारी उपकरणे) यांवर जे संशोधन चालते, त्याचा आपल्या किनाऱ्याशी काय संबंध आहे, याविषयी प्रश्न पाठवावेत, अशी विनंती मागील अंकात केली होती. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अनेक ठिकाणांहून पत्रे आली. ज्या पत्रांमागे स्वतःचा अनुभव होता, ती या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत.

प्रश्न : पावसजवळ आमची हापूसची जुनी बाग आहे. झाडे उंच आहेत, जमीन कातळाच्या उताराची आहे आणि झाडावर चढून झेल्याने आंबा उतरवणारा माणूस दर हंगामात मिळेनासा होत चालला आहे. मोटारींच्या कारखान्यात यंत्रमानव कितीतरी वर्षे काम करीत आहेत. मग आंबा उतरवणारा यंत्रमानव अजून का आला नाही?
— आंबा बागायतदार, पावस

उत्तर : कारखान्यातला पहिला यंत्रमानव, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणे हे त्याचे काम होते. आपण काय उचलत आहोत, याची त्याला काहीही कल्पना नव्हती आणि तशी गरजही नव्हती, कारण प्रत्येक भाग ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी आणि ठरलेल्या आकारातच त्याच्यासमोर येत असे. अवघड काम यंत्राने नव्हे, तर कारखान्याच्या मांडणीने आधीच सोपे करून ठेवले होते. आपल्या बागेत अशी मांडणी नाही, आणि आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा गाभा इथेच आहे.

झेला घेऊन झाडावर उभा असलेला गडी काय करतो, हे एकदा बारकाईने पाहावे. पानांच्या गर्दीत हिरव्यावर हिरवे असलेले फळ तो आधी शोधतो. मग ते चौदा आणे तयार आहे की नाही, हे देठाजवळचे खांदे भरून वर आले आहेत का, सालीची छटा बदलली आहे का, यांवरून ठरवतो. वाऱ्याने हलणाऱ्या फांदीचा अंदाज घेऊन तो झेला फळाखाली नेतो आणि देठ राखून फळ काढतो, कारण देठ तुटून चीक सालीवर ओघळला की डाग पडतो आणि पेटीतला भाव उतरतो. शोधणे, पारखणे, पोहोचणे आणि तोडणे ही चारही कामे संशोधनाच्या दृष्टीने स्वतंत्र शाखा आहेत. त्यांपैकी पोहोचणे हे त्यातल्या त्यात सुटलेले आहे : सहा सांधे असलेला यंत्राचा हात त्याच्या आवाक्यातील कोणत्याही जागी, हव्या त्या दिशेने जाऊ शकतो आणि त्यासाठी प्रत्येक सांधा किती वळवायचा, याचे गणित पक्के आहे. शोधण्याचे कामही गेल्या दशकात खूप पुढे गेले आहे. मात्र पानाआड अर्धे लपलेले फळ आणि त्याचा न दिसणारा देठ यांपुढे आजची यंत्रे अजून अडखळतात.

किती अडखळतात, याचा एक प्रामाणिक आकडा उपलब्ध आहे. युरोपातील काही विद्यापीठांनी आणि इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाने मिळून ढोबळी मिरची तोडणारा ‘स्वीपर’ नावाचा यंत्रमानव तयार केला आणि त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. हरितगृहात, म्हणजे वारा नाही, उतार नाही आणि झाडे रांगेत आहेत अशा ठिकाणी, एका मिरचीला सरासरी २४ सेकंद लागले. पीक यंत्राला सोयीचे होईल असे ठेवले, तेव्हा यश ६१ टक्के मिळाले. पीक नेहमीसारखेच ठेवले, तेव्हा ते १८ टक्क्यांवर आले. मला यातील दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो, कारण यंत्र तेच असताना केवळ झाडाची ठेवण बदलल्याने केवढा फरक पडतो, हे तो दाखवतो.

म्हणून आपल्या जुन्या, उंच झाडांसाठी यंत्रमानवाची वाट पाहू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. परंपरेने दहा मीटर बाय दहा मीटर अंतरावर हेक्टरी शंभर झाडे बसतात. पाच बाय पाचच्या घन लागवडीत चारशे बसतात आणि छाटणी करून ती बुटकी ठेवली जातात. यंत्राचा हात आला, तर तो अशा बागेत आधी येईल. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने देठासह आंबा काढणारा ‘नूतन’ झेला बागायतदारांच्या हातात दिला. त्यात एकही मोटार नाही, पण यंत्रमानवाच्या हाताच्या टोकाला काय असायला हवे, याचा निम्मा विचार त्यात झालेला आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी परदेशी पकडहातांची चित्रे पाहण्याआधी तो झेला हातात घेऊन पाहावा, असे मला मनापासून वाटते.

माड आणि पोफळ यांची गोष्ट वेगळी आहे. खोड सरळ, फांद्या नाहीत आणि फळ एकाच ठिकाणी, त्यामुळे तिथे यंत्राला शोधावे कमी लागते. केरळातील अमृता विश्व विद्यापीठम् येथील संशोधकांनी ‘अमरन’ नावाचा माडावर चढणारा यंत्रमानव तयार केला आहे. तो कड्यासारखा खोडाभोवती बसतो, चाकांवर वर चढतो आणि वरच्या हाताने घड कापतो, तर माणूस खाली उभा राहून त्याला चालवतो. हापूसपुरते पाहिले, तर यंत्राची पहिली खरी मदत उतरवण्यात नव्हे, प्रतवारीत होईल. फळ न कापता आतला साका, म्हणजे गरातला दोष, ओळखण्यासाठी क्ष-किरण आणि दृश्य प्रकाशाच्या जवळचे अवरक्त किरण वापरून संशोधन चालू आहे. प्रतवारीच्या पट्ट्यावर फळ ठरलेल्या जागी येते, म्हणजेच तिथे आपण कारखान्याची मांडणी बागेशेजारी करू शकतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. मेंदूसारखे चालणारे संगणक म्हणजे नेमके काय? हे नेहमीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेपेक्षा वेगळे आहे का?
— विद्यार्थिनी, कणकवली

उत्तर : या विषयाची सुरुवात मालवणच्या बाजारात रोज दिसणाऱ्या प्राण्यापासून करता येते. माकुल (स्क्विड) धोक्याची चाहूल लागताच पाण्याचा झोत सोडून मागे सटकते. हा झटका एका क्षणात साऱ्या अंगाला मिळावा, म्हणून तिच्या शरीरात असाधारण जाडीचे चेतातंतू असतात. माणसाचे चेतातंतू काही मायक्रोमीटर जाडीचे. माकुलाचा जाड तंतू मात्र जवळजवळ एक मिलिमीटरपर्यंत भरतो, त्यामुळे त्याच्या आत तार घालून विद्युतदाब मोजता येतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत अटलांटिक समुद्रातील माकुलांवर हे प्रयोग केले आणि चेतातंतूतील विद्युत-स्पंद कसा निर्माण होतो, याची समीकरणे १९५२ साली मांडली. १९६३ च्या नोबेल पुरस्काराचे ते मानकरी ठरले. मेंदूची नक्कल करणारा प्रत्येक विद्युत-परिपथ आजही त्या समीकरणांचा ऋणी आहे.

चेतापेशी येणारे संकेत साठवत राहते. साठा ठरावीक उंबरठ्यापर्यंत पोहोचला की सुमारे एक मिलिसेकंदाचा, साधारण दशांश व्होल्टचा एक स्पंद सोडते आणि पुन्हा शांत होते. सांगण्यासारखे काही नसेल, तर ती गप्प असते आणि गप्प असताना खर्चही थोडाच करते. नेहमीचा संगणक मात्र काही घडो वा न घडो, घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला चालत राहतो. शिवाय त्याची स्मृती एका जागी आणि गणित करणारा भाग दुसऱ्या जागी असतो. विहीर वाडीच्या एका टोकाला आणि पोफळी दुसऱ्या टोकाला असल्या, की शिंपण्यापेक्षा पाणी वाहून नेण्यातच दिवस जातो, तसे येथे होते. मुख्य स्मृतीतून एक संख्या आणण्यासाठी लागणारी ऊर्जा त्या संख्येची बेरीज करण्याच्या ऊर्जेपेक्षा शेकडो पट असते. मेंदूत स्मृती आणि गणित यांची अशी ताटातूट नाही, कारण दोन चेतापेशींमधील जोड हीच स्मृती असते आणि गणितही त्याच जागी होते.

अमेरिकेतील कॅलटेक या तंत्रज्ञान संस्थेतील कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस या विचाराला ‘न्यूरोमॉर्फिक’ हे नाव दिले. अगदी थोड्या विद्युतदाबावर ठेवलेला ट्रान्झिस्टर चेतापेशीच्या पडद्यातील मार्गांसारखाच वागतो, हे त्यांनी दाखवले, आणि त्यांच्या विद्यार्थिनी मिशा महोवाल्ड यांनी सिलिकॉनचा डोळा घडवला. २०१४ साली आयबीएमने ‘ट्रूनॉर्थ’ ही चिप सादर केली. तिच्यात दहा लाख कृत्रिम चेतापेशी होत्या आणि चालताना ती सुमारे ७० मिलिवॉट एवढीच वीज घेत होती. मँचेस्टर विद्यापीठात स्टीव्ह फर्बर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या ‘स्पिनेकर’ यंत्रात २०१८ पर्यंत दहा लाख प्रोसेसर-गाभे जोडले गेले.

दुसरा मार्ग पदार्थविज्ञानाचा आहे. आपल्यातून आधी किती विद्युतप्रवाह गेला, हे लक्षात ठेवणारा रोधक असू शकतो, असे लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये गणिताने मांडले आणि २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेने तसा मेमरिस्टर हाती असल्याचे जाहीर केले. अशा रोधकांची जाळी केली की विद्युतदाब गुणिले वाहकता हा गुणाकार आणि तारेत एकत्र येणाऱ्या प्रवाहांची बेरीज या दोन्ही गोष्टी निसर्गनियमानेच होतात. संख्या कुठे वाहून न्यावी लागत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीतोष गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंच्या एका पातळ थरात वाहकतेच्या सुमारे १६,५०० वेगवेगळ्या पायऱ्या साठवता येतात, असे २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. या क्षेत्राची मोठी अडचण हीच होती की, एका रोधकाला विश्वासाने मोजक्याच पायऱ्या धरून ठेवता येत असत. म्हणून मी हे काम फार महत्त्वाचे मानतो.

आता वेगळेपणाविषयी. आज ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो, त्यातील जाळीही मेंदूवरून सुचलेली आहेत, पण ती नेहमीच्याच संगणकावर, अखंड आकडेमोड करून चालतात. न्यूरोमॉर्फिक संशोधनात गणिताबरोबर यंत्राची घडणही बदलते. मात्र माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असून त्याला २० वॉट पुरतात, हा आकडा वाचून भारावून जाऊ नका. मेंदूचे काम करून दाखवणारी चिप अजून कोणाकडे नाही, आणि स्पंदांवर चालणाऱ्या जाळ्यांना शिकवणे नेहमीच्या जाळ्यांहून कठीण आहे, कारण स्पंद एकतर असतो किंवा नसतो, आणि शिकवण्याच्या प्रचलित रीतीला हळूहळू बदलणारी राशी लागते. जिथे घडण्यासारखे क्वचित घडते आणि वीज थोडी असते, तिथे या चिपांना अर्थ आहे. घाटातील दरडीवर लक्ष ठेवणारे, दहा महिने काहीही न सांगणारे आणि मृगानंतर एका रात्री क्षणात जागे व्हावे लागणारे उपकरण माझ्या डोळ्यांसमोर येते. तुम्ही सुरुवात मात्र कोणतीही चिप न घेता करू शकता : साठा करणारी, थोडी गळणारी आणि उंबरठ्यावर स्पंद सोडणारी चेतापेशी एका ओळीच्या समीकरणात बसते, आणि साध्या लॅपटॉपवर अशा शंभर पेशी एकमेकींना जोडून पाहणे हे एका सुट्टीचे काम आहे.

प्रश्न : २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे बरेच दिवस वीज नव्हती. तो अनुभव लक्षात ठेवून मी निवृत्तीच्या पैशांतून छपरावर तीन किलोवॉटची सौर यंत्रणा बसवून घेतली. आता कळते की, बाहेरची वीज गेली की भर उन्हातही घरात पंखा फिरत नाही. बसवणारे म्हणतात, हे असेच असते. मग ही यंत्रणा कशासाठी?
— निवृत्त शिक्षिका, श्रीवर्धन

उत्तर : बाई, आपली निराशा रास्त आहे, आणि बसवण्यापूर्वी ही गोष्ट आपल्याला स्पष्ट सांगितली जायला हवी होती. अनुदानित योजनांमधून बहुतेक घरांवर बसते ती जाळ्याला, म्हणजे महावितरणच्या तारांच्या ग्रिडला, जोडलेली यंत्रणा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटसाठी ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, आणि वीजबिल कमी करणे हा त्या यंत्रणेचा हेतू असतो. वादळातला दिवा हा वेगळा हेतू आहे व त्यासाठी रचनाही वेगळी लागते.

पॅनेलमधून एकाच दिशेने वाहणारी वीज निघते. इन्व्हर्टरमधील ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तिच्यापासून सेकंदाला पन्नास आवर्तने करणारी, उलटसुलट दिशेने वाहणारी वीज घडवतात. जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर ही लाट स्वतः ठरवत नाही. महावितरणच्या तारेतून येणारी लाट तो सतत ऐकतो आणि तिच्या तालात आपली वीज मिसळतो. भजनात टाळ धरणारा पखवाजाच्या ठेक्यावर चालतो, तसाच तो चालतो; ठेका थांबला की त्यालाही थांबावे लागते. त्यामागे सुरक्षेचे कारणही आहे. वादळानंतर खांबावर चढलेला वायरमन तार मेलेली आहे असे धरून हात घालतो. त्या वेळी आपल्या छपरावरून वीज तारेत जात राहिली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून जाळे गेल्यावर दोन सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने सुटे व्हावे, असा मानकांचा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे.

उपाय आज उपलब्ध आहे. बॅटरी जोडता येणारा संकरित इन्व्हर्टर बसवून घरातील दिवे, पंखे आणि फ्रीज यांची वेगळी ओळ काढावी. बाहेरची वीज जाताच तो इन्व्हर्टर महावितरणची तार आधी तोडतो आणि मग आपली स्वतःची लाट घडवून फक्त त्या ओळीला वीज देतो. सध्याची पॅनेल तशीच ठेवता येतात. बदल कोणता आणि किती करावा लागेल, हे लेखी मागून घ्यावे. कोणीही ‘तार उलटी जोडून देतो’ असे सुचवले, तर कृपया मान्य करू नये.

आपल्या प्रश्नाला एक मोठी बाजूही आहे, आणि अनेक विद्यापीठांतील पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे विभाग सध्या तिच्यावर काम करीत आहेत. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेच्या पाण्यावर जनित्रे फिरतात. त्यांच्या अवजड चाकांमध्ये फिरण्याची जी ऊर्जा साठलेली असते, ती जाळ्यावर अचानक भार आला तरी लाटेचा ठेका क्षणभर सांभाळून धरते. सौर वीज वाढत जाईल तसा जाळ्यातील अशा फिरत्या वजनाचा वाटा कमी होत जाईल. ठेका ऐकणारे सर्व आणि धरणारा कोणी नाही, अशी वेळ येऊ नये, म्हणून ठेका स्वतः धरणारे इन्व्हर्टर घडवले जात आहेत. भार वाढला की लाटेचा वेग जनित्राप्रमाणेच किंचित कमी करायचा, म्हणजे शेजारच्या इन्व्हर्टरला निरोपाशिवायच कळते की आपला वाटा वाढवायचा आहे, अशी त्यातली एक सुंदर युक्ती आहे.

अडचण दोष आल्यावर जाणवते. तारेवर माड पडला की जनित्र क्षणभर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह देऊ शकते आणि त्या प्रवाहामुळेच फ्यूज उडतो, ब्रेकर सुटतो. इन्व्हर्टरमधील ट्रान्झिस्टर दीडपटीच्या आसपासच्या प्रवाहालाच हात टेकतात. तेव्हा दोष ओळखायचा कसा, याची सारी रीतच नव्याने बसवावी लागणार आहे. ती बसली, तर एखादी वाडी किंवा एखादे गाव मुख्य जाळ्यापासून सुटूनही आठवडाभर आपल्या विजेवर राहू शकेल. श्रीवर्धन-दिवेआगरसारख्या, वादळाचा पहिला तडाखा झेललेल्या गावांसाठी याहून निकडीचे संशोधन मला दिसत नाही.

प्रश्न : बोटीच्या पंख्यात मासेमारीचे जाळे अडकले की पाण्यात उतरून ते कापावे लागते. हे काम करणारा पाण्याखालचा यंत्रमानव मिळेल का?
— तांडेल, हर्णै

उत्तर : तारेने बोटीला जोडलेले, कॅमेरा असलेले छोटे यंत्र पाहण्याच्या कामासाठी मिळते आणि मासेमारी-बंदीच्या काळात बोटीचा तळ तपासायला ते उपयोगी पडेल. कापण्याचे काम वेगळे आहे. खारे पाणी रेडिओलहरी गिळून टाकते, त्यामुळे तारेशिवाय यंत्राला हुकूम देण्यासाठी ध्वनीच उरतो. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, पण त्यावरून चित्रे पाठवण्याइतकी माहिती जात नाही. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे तारेशिवाय, स्वतःच्या निर्णयाने फिरणारे यंत्र घडवले. त्याचे काम मोकळ्या पाण्यातून फिरत मोजमाप घेण्याचे आहे. गढूळ पाण्यात, हलणाऱ्या बोटीखाली, ताणलेल्या जाळ्यात स्वतः न अडकता सुरी चालवणे हे काम आज तरी माणसाचेच आहे. ते करण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली स्वतःजवळ घ्यावी.

प्रश्न : कोकण रेल्वेवर आता विजेची इंजिने धावतात. उतारावर ही इंजिने वीज परत देतात, असे एका सहप्रवाशाने सांगितले. हे खरे आहे का?
— नियमित प्रवासी, रत्नागिरी

उत्तर : होय. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. वरच्या तारेत २५,००० व्होल्टची एकफेजी वीज असते. इंजिनात ती आधी कमी दाबाची केली जाते, मग एकदिश केली जाते आणि शेवटी इन्व्हर्टर तिच्यापासून हव्या त्या वेगाने बदलणारी त्रिफेजी वीज घडवून मोटारींना देतो. लाटेचा वेग चाकांच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवला की तीच मोटार जनित्र होते, गाडीला मागे ओढते आणि वीज उलट मार्गाने तारेत जाते. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात डिझेलचा धूर कोंडत असे, तो त्रासही विजेमुळे गेला.

हे आज सहज साधते ते ट्रान्झिस्टरच्या एका प्रकाराने. सुरुवातीच्या त्रिफेजी इंजिनांत जीटीओ नावाचे स्विच होते. ते बंद करायलाच मोठा प्रवाह लागत असे. त्यांची जागा आयजीबीटी या ट्रान्झिस्टरने घेतली. १९६९ मध्ये मद्रासच्या आयआयटीतून पदवी घेतलेले बंटवाळ जयंत बालिगा यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी आयजीबीटी प्रत्यक्षात आणला आणि पुढे उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठात अध्यापन केले. २०२४ चा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या रोजच्या प्रवासामागे असलेल्या या भारतीय अभियंत्याचे नाव पाठ्यपुस्तकाबाहेर फारसे घेतले जात नाही, याची मला खंत वाटते. आता सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइडचे स्विच येत आहेत. सिलिकॉनच्या सुमारे दसपट विद्युतक्षेत्र ते सहन करतात, म्हणून थर पातळ करता येतो आणि उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज घटते.

प्रश्न : मी इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर आणि पंख्यांचे बोर्ड दुरुस्त करतो. समुद्रालगतच्या घरांतील बोर्ड दोन-तीन पावसाळ्यांत जातात. घाटावर तेच बोर्ड कितीतरी वर्षे चालतात, असे तिकडचे दुरुस्ती करणारे सांगतात. कंपनीचा माणूस ‘व्होल्टेज जास्त आले असेल’ म्हणून मोकळा होतो. या विषयावर कोणी संशोधन करते का?
— दुरुस्ती कारागीर, देवगड

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. या महिन्यात आलेल्या पत्रांत संशोधनाच्या सर्वांत जवळ जाणारे हेच पत्र आहे.

आधी कारणे पाहू. हवेतील मिठाचे कण बोर्डावर बसतात. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते आणि बोर्डावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर पसरतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आर्द्रता या मर्यादेच्या बरीच वर राहते. बोर्डावरच्या दोन शेजारच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये विद्युतदाब असला, तर धन बाजूचा धातू त्या थरात विरघळून ऋण बाजूला साठतो आणि नेच्याच्या पानासारखी बारीक नक्षी वाढत जाऊन दोन्ही पट्ट्यांना जोडते. मग एका क्षणात मोठा प्रवाह वाहतो, नक्षी जळून जाते आणि आपल्यासमोर येतो तो काळा डाग. पुरावाच जळून गेलेला असल्यामुळे ‘व्होल्टेज जास्त आले’ असे म्हणणे कोणालाही सोपे जाते.

दुसरे कारण श्वासाचे आहे. सौर इन्व्हर्टर दिवसा तापतो आणि रात्री निवतो. निवताना पेटीतील हवा आक्रसते आणि बाहेरची दमट, खारी हवा आत ओढली जाते. तिसरे कारण उष्णतेचे आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि पत्र्याच्या पडवीत दुपारी किती उकडते, हे आपल्याला सांगायला नको. मोठ्या इन्व्हर्टरमध्ये आणखी एक गोष्ट घडते : ट्रान्झिस्टरच्या सिलिकॉनवर ॲल्युमिनियमच्या बारीक तारा जोडलेल्या असतात, ॲल्युमिनियम सिलिकॉनच्या कित्येक पट प्रसरण पावते, आणि रोजच्या तापण्या-निवण्याने ती जोड शेवटी सुटते.

संशोधन होते आणि जगभर होते. बोर्ड ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास ठेवण्याची चाचणी प्रचलित आहे. ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचे तुषार सोडण्याचीही चाचणी आहे. परंतु या चाचण्या एकेक त्रास वेगळा करून देतात. देवगडच्या घरात मीठ, दमट हवा, रोजचे तापणे, खालीवर होणारा विद्युतदाब आणि पेटीत शिरणाऱ्या मुंग्या व पाली हे सारे एकाच वेळी असते. प्रयोगशाळेतील हजार तासांचे आपल्या किनाऱ्यावर किती पावसाळे होतात, हे सांगायचे असेल, तर किनाऱ्यावरच्या बिघाडांची नोंद हवी, आणि ती कोणत्याही विद्यापीठाला घरबसल्या मिळणार नाही. ती आपल्या दुकानात रोज येते आणि भंगारात जाते.

तूर्त ग्राहकांना सांगण्यासारखे एवढे आहे : इन्व्हर्टर समुद्राकडच्या भिंतीवर लावू नये, वाऱ्याआडच्या भिंतीवर, सावलीत, जमिनीपासून उंच लावावा. पेटीची भोके रबरी बुचांनी बंद करावीत आणि वायर खालून आत घ्यावी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून आत येणार नाही. दुरुस्तीनंतर आपण बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून, मगच त्यावर ॲक्रिलिक किंवा सिलिकोनचा संरक्षक थर द्यावा. न धुता दिलेला थर मीठ आतच कोंडून ठेवतो आणि उलट लवकर घात करतो.

आणि एक विनंती आहे. एक जाड वही घ्यावी. प्रत्येक बोर्डामागे बसवल्याची आणि बंद पडल्याची तारीख, घर समुद्रापासून साधारण किती अंतरावर आहे, उपकरण कोणत्या दिशेच्या भिंतीवर होते, संरक्षक थर होता की नाही आणि कोणता भाग गेला, एवढे लिहावे. साफ करण्यापूर्वी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. ग्राहकाचे नाव लिहिण्याची गरज नाही. पहिल्या पन्नास नोंदी झाल्या की त्यांची प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवावी. ती लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या विद्युत अभियांत्रिकी विभागाकडे मी स्वतः घेऊन जाईन आणि त्यांचे उत्तर याच पानावर छापले जाईल.